पिठातल्या भुंगेऱ्याच्या अंड्यात पाय फुटताना कसे बघायचे

कीटकाचा पाय भ्रूणात कसा तयार होतो हे शिकायचं असेल तर सुरुवात फळमाशीपासून करू नका, असं मी टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, वर्गाला पहिल्याच तासाला सांगते. या विषयातलं बरंचसं ज्ञान फळमाशीनेच दिलंय, खाली तिचं नाव वारंवार येईल. पण तिच्या अळीला पाय नसतात. पाय होणाऱ्या पेशी भ्रूणात ठरतात, नंतर त्या आत वळून एका चपट्या पिशवीत जाऊन बसतात, आणि पाय म्हणावा असा पाय थेट कोषात उलगडतो. पुस्तकात त्या पिशवीची, म्हणजे लेग डिस्कची, एकात एक वर्तुळं असलेली आकृती असते. मुलं ती बिनचूक काढतात. त्यातलं कुठलं वर्तुळ मांडी आणि कुठलं नखी, हे विचारलं की वर्ग गप्प.

पिठात होणारा तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, आपल्याला ही अडचण येऊ देत नाही. त्याची अळी अंड्यातून बाहेर पडते ती सहा पायांवर चालतच. कोंब फुटणं, लांबणं, सांधे पडणं, सगळं अंड्याच्या आत तीन-चार दिवसांत उरकतं. शिवाय त्याचा संपूर्ण जीनोम 2008 मध्येच वाचून झालाय, त्यामुळे कुठल्या पेशीने शेजारणीला कुठला संदेश दिला हे पुष्कळसं माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात साधी सूक्ष्मदर्शकं आहेत, एक स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आहे, बाकी फारसं काही नाही. तेवढ्यात जे होतं ते इथे सांगते.

भुंगेरे मिळवणं आणि जगवणं

विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात गिरणीतून दळून आणलेलं पीठ फार दिवस राहिलं, किंवा रव्याचा डबा मागच्या फळीवर विसरला, की तांबूस तपकिरी, चपटे, तीन-चार मिलिमीटरचे किडे त्यात फिरायला लागतात. तेच हे. तांदळातला सोंडकिडा निराळा. त्याला पुढे सोंड असते आणि तो दाण्याच्या आत अंडी घालतो, त्यामुळे आपल्या उपयोगाचा नाही. दुसरा एक, ट्रायबोलियम कन्फ्यूजम, नुसत्या डोळ्यांना अगदी सारखाच दिसतो. भिंगाखाली मिशा बघा. कॅस्टेनियमच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम जाड होतात, कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाडावत जाते. ही तपासणी मुलांकडूनच करून घ्या. मिशीही पायाच्याच जातीचा अवयव आहे, आणि पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गव्हाचं पीठ आधी दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातले माइट मरतात. ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आलं की वजनाच्या पाच टक्के कोरडं यीस्ट मिसळा. काचेच्या बरणीत चार बोटं भरेल इतकं पीठ पुरे. स्वच्छ काच या भुंगेऱ्यांना चढता येत नाही, पण कॅस्टेनियम उडू शकतो, म्हणून तोंडाला मलमल आणि रबर लावाच. पाणी अजिबात ठेवू नका. 30 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मिळालं तर महिनाभरात पुढची पिढी तयार होते. एप्रिल-मेमध्ये इन्क्युबेटरवाचूनही चालतं, डिसेंबरात मात्र सगळं रेंगाळतं. पीठ गुलाबीसर दिसायला लागलं आणि बरणी उघडताच उग्र वास आला तर भुंगेऱ्यांची गर्दी झाली असं समजा. तो वास त्यांनी सोडलेल्या क्विनोनचा असतो. पीठ बदला, नाहीतर अंडी कमी होतात.

अंडी वेगळी करणं

इथे चाळण्या लागतात, दोन: 710 मायक्रॉन आणि 300 मायक्रॉन. नवीन विकत घेण्याआधी भूगोल किंवा भूगर्भशास्त्र विभागात, नाहीतर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत विचारा. वाळू-माती चाळायच्या पितळी चाळण्यांच्या संचात हे आकार बहुधा सापडतात. आणल्यावर घासून धुवा आणि पूर्ण वाळवा.

मैदा आधी 300च्या चाळणीतून काढून घ्या. ही पायरी गाळू नका. मैद्यातले जाड कण आधीच गेले, तर नंतर त्याच चाळणीवर उरेल ते सगळं अंडंच असतं. या मैद्यात दोन-तीनशे भुंगेरे रात्रभर सोडा. सकाळी 710ने चाळलं की भुंगेरे वर राहतात, त्यांना बरणीत परत पाठवा. खाली आलेला मैदा 300ने चाळा. चाळणीवर पांढरे, लांबट कण उरतील, साधारण 0.6 मिलिमीटर लांब. अंडं चिकट असतं, म्हणून त्याच्या अंगाला मैदा लागलेला असतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ते अंडं वाटतच नाही. ओल्या ब्रशने एक कण पाण्याच्या थेंबात सोडून स्टिरिओखाली बघा.

मग वेळेचं गणित. साधारण 30 अंशांना पहिल्या दिवशी अंड्याच्या पृष्ठभागावर पेशींचा थर तयार होतो, त्यातून भ्रूणपट्टा आकाराला येतो आणि एकामागून एक खंड (शरीराचे आडवे भाग) पाडत मागच्या बाजूने वाढत जातो. म्हणजे डोकं आणि वक्ष आधी, उदराचे खंड नंतर. दुसऱ्या दिवशी पायांचे कोंब उठलेले आणि लांबत असलेले दिसतात. त्यानंतर पट्टा आखडतो, भ्रूण जाड होतो, पाय पोटाशी दुमडले जातात. रात्रभर घातलेल्या अंड्यांचं वय सारखं नसतं, आणि वर्गासाठी तेच सोयीचं आहे. एकाच घाण्यातून कोंबापासून लांब पायापर्यंत सगळ्या अवस्था मिळतात. चाळल्यावर अंडी झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये आणखी एक दिवस 30 अंशांना ठेवा आणि मग पुढच्या कामाला घ्या. काही अंडी बाजूला राहू द्या, त्यांच्या अळ्या लागणार आहेत.

स्लाइडकडे वळण्याआधी: काय शोधायचंय

अंडी उबत असतात तो दिवस मी फळ्यापाशी घालवते. पाय फुटायचा तर भ्रूणातल्या पेशीला तीन गोष्टी कळाव्या लागतात. मी कुठल्या खंडात आहे? त्या खंडात नेमकी कुठे आहे? आणि पाय वाढायला लागला की, बुंध्यापासून किती लांब आहे? पेशीला डोळे नाहीत, वरून नकाशा बघणारं कुणी नाही. शेजारच्या पेशीने सोडलेलं प्रथिन तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला येऊन चिकटतं, आत कुठली जनुकं चालू-बंद होतात, यावरूनच तिला सगळं ठरवावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे संदेशांचं काम सर्वांत उघड दिसतं.

भ्रूणपट्ट्यावर ठरावीक अंतरावर पेशींच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून असतात. पुढच्या रांगेतल्या पेशी विंगलेस नावाचं प्रथिन सोडतात, मागच्या रांगेतल्या हेजहॉग. दोन्ही रांगा एकमेकींना टिकवतात. हेजहॉग पोचतं म्हणून पुढची रांग विंगलेस करत राहते, आणि विंगलेस पोचतं म्हणून मागची हेजहॉग. एक गप्प झाली की थोड्या वेळाने दुसरीही गप्प होते. पायाचा कोंब याच सीमेवर उठतो, त्यात पुढच्या पेशीही असतात आणि मागच्याही.

विंगलेसची गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. पंख नसलेल्या फळमाशीचा तो उत्परिवर्ती प्रकार आर. पी. शर्मा यांनी 1973 मध्ये नोंदवला, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत. 1976 मध्ये त्यांनी व्ही. एल. चोप्रा यांच्यासोबत त्याचा पंख आणि हाल्टेरवरचा (मागच्या पंखांच्या जागी असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या छोट्या अवयवांवरचा) परिणाम सविस्तर मांडला. पुढे 1987 मध्ये लक्षात आलं की उंदराच्या स्तनाच्या कर्करोगात सापडलेलं इंट-1 हे जनुक म्हणजे याचाच भाऊबंद. आज कर्करोगापासून हाडांपर्यंत जगभर ज्या संदेशमार्गावर काम चालतं, त्याचं एक टोक आपल्याकडच्या कृषी संस्थेतल्या माशांच्या बाटल्यांत आहे. हे आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

तर, विंगलेसची रांग पट्ट्याच्या बाजूंवरून आडवी जाते, मग सगळ्या रांगेवर पाय का फुटत नाहीत? कारण आणखी दोन संदेश आहेत. पाठीकडून डीपीपी येतं (पूर्ण नाव डेकापेंटाप्लेजिक, आपल्या शरीरातल्या हाडांच्या वाढीशी संबंधित बीएमपी प्रथिनांचं सख्खं नातेवाईक), आणि पोटाच्या मध्यरेषेकडून ईजीएफआर (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर) या ग्राहीला चेतवणारा संदेश. फळमाशीच्या भ्रूणात अंडं घातल्यापासून पाच-सहा तासांनी हे घडतं. विंगलेस म्हणतं ‘पाय कर’, डीपीपी वरून म्हणतं ‘इथे नको’, ईजीएफआर खालून म्हणतं ‘इथेही नको’. दोन्ही नकारांच्या मधे जी जागा उरते तिथल्या पेशी डिस्टल-लेस हे जनुक चालू करतात. विंगलेस काढून घेतलं की डिस्टल-लेस उगवतच नाही. डीपीपी किंवा ईजीएफआर काढलं की ते पसरतं. हे चित्र 1990 मधल्या स्टीफन कोहेन यांच्या कामातून आणि 1997 मधल्या गोतो आणि हायाशी यांच्या प्रयोगांतून उभं राहिलं.

आता जरा सावकाश वाचा, कारण परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जातात. थोड्या वेळाने डीपीपीची भूमिका उलटते. पायाची जागा ठरवताना जे डिस्टल-लेस दाबत होतं, तेच वाढत्या पायात विंगलेसच्या जोडीने डिस्टल-लेस चालू करतं. संदेश तोच, ग्राही तोच. पण डिस्टल-लेसच्या आधीच्या अवस्थेतल्या खटक्यापेक्षा नंतरच्या अवस्थेतला खटका, म्हणजे जनुकाशेजारचा डीएनएचा तुकडा, वेगळा असतो आणि तो या संदेशाचा अर्थ वेगळा लावतो. 2008 मध्ये एस्तेया, मकाय आणि मान यांनी हा दुसरा तुकडा उलगडून दाखवला. म्हणून ‘डीपीपी पाय घडवतो की रोखतो?’ असा प्रश्न विचारला तर उत्तराआधी विचारा: केव्हा?

तिसरा प्रश्न लांबीचा. माशीच्या पायात हेजहॉगच्या सांगण्यावरून वरच्या बाजूला डीपीपी आणि खालच्या बाजूला विंगलेस तयार होतं, आणि दोन्ही जिथे भेटतात तो बिंदू पायाचं टोक बनतो. तिथून दूर जावं तसा दोन्हींचा जोर कमी होत जातो. स्वयंपाकघरात फोडणी पडली की ओट्यापाशी ठसका लागतो, माजघरात नुसता वास येतो आणि अंगणात काहीच नाही. डोळे मिटूनही आपण कुठे उभे आहोत ते कळतं, तसंच हे. जोर जास्त तिथे डिस्टल-लेस, मध्यम तिथे डॅकशंड, आणि बुंध्यापाशी जिथे हे पोचत नाहीत तिथे होमोथोरॅक्स. तीन पट्टे: टोक, मध्य, बुंधा. हे खरंच असं आहे का, हे 1993 मध्ये जेरार्ड कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी माशीत तपासलं. विंगलेस पायाच्या वरच्या बाजूला, डीपीपीच्या शेजारी, मुद्दाम चालू केलं. दोघांच्या भेटीची दुसरी जागा तयार झाली आणि पायाला फाटा फुटून दुसरं टोक आलं. मला या विषयातला सर्वांत पटणारा पुरावा हाच वाटतो.

टोकाजवळच्या बारीक भागांसाठी माशीत ईजीएफआर पुन्हा येतो. भुंगेऱ्यात त्याचा पल्ला जास्त आहे. 2012 मध्ये ग्रॉसमान आणि प्रपिच यांनी दाखवलं की भुंगेऱ्याच्या भ्रूणात ईजीएफआर बंद केला तर टोकच नव्हे, पायाचा मधला भागही बिघडतो. सांध्यांचं काम नॉच या मार्गाकडे आहे. त्याचा संदेश दूर जात नाही, अंगाला अंग लागलेल्या पेशींमध्येच चालतो, आणि सांधा अगदी थोड्या जागेत पाडायचा असतो तेव्हा हेच हवं.

पहिला प्रश्न, कुठल्या खंडावर, तो हॉक्स जनुकांचा, म्हणजे कुठल्या खंडाचं रूप कसं व्हायचं हे ठरवणाऱ्या जनुकांचा. त्याकडे स्लाइड बघितल्यावर येऊ.

भ्रूण बाहेर काढणं

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी किंवा फ्यूम हूड. फॉर्मल्डिहाइडच्या बाबतीत मी मुलांना सवलत देत नाही. ब्लीच आणि फॉर्मल्डिहाइडचा टाकाऊ भाग वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, सिंकमध्ये एकत्र ओतू नका.

अंडी गाळणीत घेऊन आधी अगदी पातळ ब्लीचने मैदा धुऊन काढा. मग घरगुती ब्लीच निम्मं पाणी घालून घ्या आणि अंडी त्यात हलवत राहा. एक-दोन मिनिटांत बाहेरचं कवच विरघळतं, अंडं चकचकीत दिसायला लागतं. स्टिरिओखाली डोळा ठेवा आणि चकाकी आली की ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवलं तर अंडी फुटतात.

एका छोट्या बाटलीत चार टक्के फॉर्मल्डिहाइडचं बफरमधलं द्रावण आणि तितकंच हेप्टेन घ्या. दोन थर पडतात आणि अंडी मधे तरंगतात. अर्धा तास हलवत राहा. खालचा थर पिपेटने काढून टाका, मेथनॉल घाला आणि बाटली जोरात झटका. ज्या अंड्यांचं आतलं पटल फुटलं ती तळाशी बसतात, तीच हवीत. जी वर राहिली ती इंजेक्शनच्या 20-21 गेजच्या सुईतून दोन-तीनदा आत-बाहेर ओढली की त्यांतलीही बरीच सुटतात. एक दिवसाहून जास्त वयाच्या अंड्यांत मात्र भ्रूणाभोवतीच्या सेरोसा पटलाने स्वतःचं एक चिवट आवरण तयार केलेलं असतं. ते झटक्याने जात नाही. अशी अंडी दुहेरी टेप लावलेल्या डिशमध्ये चिकटवून दोन बारीक कीटक-टाचण्यांनी आवरण सोलावं लागतं. यासाठी वर्गात एखाद-दुसरा फार निवांत हाताचा विद्यार्थी असतो, त्याला शोधा. आमच्याकडे हे काम बहुधा मेंदी काढणाऱ्या मुलींना उत्तम जमतं.

आवरण गेलं की भ्रूण अजून बलकाला चिकटलेला असतो. पापणीच्या केसाचा ब्रश करून बलक हलकेच बाजूला सारा. उरतो तो लांबट, पारदर्शक पट्टा. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक असेल तर डॅपी हा रंग लावा, प्रत्येक केंद्रक निळं उजळतं. नसेल तर प्राणिशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत असलेलं बोरॅक्स कार्मिन घ्या, आम्लयुक्त अल्कोहोलने जादा रंग उतरवा आणि नेहमीसारखं अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन व्होल माउंट करा, म्हणजे आख्खा भ्रूण स्लाइडवर बसवा. कव्हरस्लिपच्या दोन कडांखाली कव्हरस्लिपचेच तुकडे ठेवा, नाहीतर कोंब चपटे होतात आणि सगळी मेहनत वाया.

पट्टा वाचणं

पोटाची बाजू वर ठेवा. रुंद टोक डोक्याचं. तिथून मागे सरकत प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंना काय उठलंय ते कागदावर काढत जा. फोटो नंतर काढा, आधी पेन्सिल. हाताने काढलं की डोळा थांबतो.

आधी मिशांची जोडी. मग जंभ, म्हणजे चावायचे जबडे: बुटके, गोलसर, लांबत नाहीत. त्यामागे मॅक्सिला आणि लेबियम या तोंडाच्या अवयवांच्या जोड्या. मग वक्षाच्या तीन खंडांवर तीन जोड्या, सगळ्यांत मोठ्या. कोवळ्या भ्रूणात मिशी, मॅक्सिला आणि पाय यांचे कोंब इतके सारखे असतात की मुलं मोजण्यात गोंधळतात. गोंधळू द्या. ही सगळी एकाच आराखड्याची रूपं आहेत हे तिथे समजतं. फक्त जंभ वेगळा का? कारण त्यात डिस्टल-लेस चालू होत नाही. कीटकाचा जबडा हा नुसता बुंधा आहे, त्याला पुढचा पाय नाही.

आता वक्ष संपवून उदराच्या पहिल्या खंडावर या आणि फोकस सावकाश वर-खाली करा. तिथे दोन्ही बाजूंना एकेक छोटा उंचवटा दिसतो. हा प्लुरोपोडियम. यात डिस्टल-लेस चालू असतं, पण तो पायासारखा लांबत नाही, आणि अळी बाहेर येते तेव्हा तिच्या उदरावर त्याचं काही चिन्ह उरत नाही. त्यामागच्या खंडांवर काहीही नाही. या उंचवट्यापाशी मी वर्गाला सर्वांत जास्त वेळ थांबवते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. विंगलेसच्या रांगा उदरातही आहेत. ‘पाय कर’ हा निरोप तिथेही पोचतोय. मग पाय का नाहीत?

संशोधनपत्रिका चाळल्या तर उत्तर 2000 साली भुंगेऱ्यावर झालेल्या कामात सापडतं. अब्डॉमिनल-ए हे हॉक्स जनुक दुसऱ्या खंडापासून मागे डिस्टल-लेसवर झाकण घालतं. पहिल्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्स आहे, ते कोंब उठू देतं पण त्याला पाय होऊ देत नाही. अल्ट्राबायथोरॅक्स नसेल तर पहिल्या खंडावर प्लुरोपोडियमच्या जागी पाय येतो. अब्डॉमिनल-ए नसेल तर मागच्या खंडांवर प्लुरोपोडियम उगवतात. दोन्ही नसतील तर उदरभर पायच पाय. म्हणजे प्रत्येक खंडाला पाय करता येतो. कीटकाचं सहा पायांवर थांबणं हे संदेश न पोचल्यामुळे नाही, पोचलेला संदेश हॉक्स जनुकांनी अडवल्यामुळे आहे. माशीत हीच दोन जनुकं उदरात डिस्टल-लेस थेट बंद करतात, त्यामुळे प्लुरोपोडियमही दिसत नाही. अल्ट्राबायथोरॅक्स असे संदेश कसे वळवतं, यावर पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटाने माशीच्या हाल्टेरमध्ये पुष्कळ काम केलंय. टी.वाय. संपवून पुढे जाणाऱ्या मुलांनी ते जरूर वाचावं.

अळीचा पाय

बाजूला ठेवलेल्या अंड्यांतून अळ्या निघाल्या की त्या दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये कोमट तापमानाला ठेवा. आतलं मांस विरघळून नुसतं क्यूटिकल, म्हणजे बाहेरचं कवच, राहतं. ग्लिसरीनमध्ये स्लाइड करा आणि एका पायावर मोठी ताकद लावा. शरीराकडून कॉक्सा, मग छोटा ट्रोकँटर, मग फीमर, मग टिबिया आणि टार्सस एकत्र झालेला टिबिओटार्सस, आणि टोकाला एकच वाकडी नखी. प्रत्येक भाग शेवटच्या सांध्यापर्यंत रेखाटा आणि शेजारी लिहा: इथे होमोथोरॅक्सचं राज्य, इथे डॅकशंडचं, इथे डिस्टल-लेसचं. सीमा काटेकोर नसतात, पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून रेघ न मारता पेन्सिलने छटा द्या. शरीराच्या मागच्या टोकाला दिसणारी दोन अणकुचीदार टोकं पाय नाहीत. ते युरोगॉम्फाय, पाठीकडून निघालेले. दरवर्षी कुणीतरी त्यांना पायांत मोजतं.

संदेश तोडून बघायचा असेल तर भुंगेऱ्यात ते इतर कीटकांपेक्षा सोपं आहे. 2002 मध्ये बुखर, शोल्टन आणि क्लिंगलर यांनी दाखवलं की एखाद्या जनुकाशी जुळणारं दुपदरी आरएनए मादीच्या शरीरात टोचलं तर तिच्या पिल्लांमध्ये ते जनुक दबतं. अंड्याला सुई लावावी लागत नाही. हे काम महाविद्यालयात करायचं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या आणि जवळच्या संशोधन संस्थेची मदत मागा. निम्म्या वेळा ते आनंदाने देतात. डिस्टल-लेस दाबलेल्या अळीची एक स्लाइड मिळाली तरी वर्षभराचं शिकवणं सार्थकी लागतं. पायाचा बुंधा उरलेला असतो, पुढचं सगळं गेलेलं. मिशा आखूड. भुंगेऱ्यात पूर्वीपासून माहीत असलेला ‘शॉर्ट अँटेनी’ हा उत्परिवर्ती प्रकार म्हणजे हेच जनुक, हे 2001 मध्ये सिद्ध झालं. आणि जबडे? जसेच्या तसे. ही स्लाइड मुलांच्या हातात देताना काहीही सांगू नका. जबडे शाबूत का, हे ज्याला आपल्या भ्रूणपट्ट्याच्या चित्रावरून सांगता आलं, त्याची तोंडी परीक्षा तिथेच झाली असं मी धरते.

चित्रं, स्लाइड आणि तारखेची चिठ्ठी एकत्र ठेवा. सत्र संपलं की बरण्या तशाच उकिरड्यावर टाकू नका, घट्ट बांधलेल्या पिशवीत डीप फ्रीझरमध्ये निदान दोन-तीन दिवस ठेवा आणि मगच पीठ फेका. पुढच्या वर्षीसाठी एक बरणी जिवंत ठेवायची असेल तर ती कॉलेजातच ठेवा, घरी नेऊ नका. शेजारच्या डब्यातल्या पिठात ते शिरले की निघता निघत नाहीत.